'चेक' या एका शब्दाचे इतके अर्थ कुठून आले?

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: इंग्रजीत बुद्धिबळातला शह म्हणजे चेक, बँकेचा धनादेश म्हणजे चेक, चौकड्यांच्या कापडालाही चेक, तपासणं म्हणजे चेक, रोखून धरणं म्हणजेही चेक आणि अमेरिकेत जेवणानंतर हातात पडतं ते बिलसुद्धा चेक. हे योगायोगाने सारखे ऐकू येणारे निरनिराळे शब्द आहेत की एकाच शब्दाचे अर्थ? आणि एकच असेल, तर मुळात त्याचा अर्थ काय होता?

उत्तर आधी देऊन टाकते. शब्द एकच आहे आणि त्याचा मूळ अर्थ 'राजा'. फारसीतला 'शाह'. वरच्या यादीतला एकही अर्थ राजाच्या जवळपास फिरकत नाही, म्हणून हे विधान पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ओढूनताणून केल्यासारखं वाटतं. मी बरीच वर्षं इंग्रजी-मराठी अनुवाद आणि कोशाचं काम करते. त्या अनुभवावरून सांगते, की इंग्रजीतल्या नेहमीच्या शब्दांमध्ये इतका लांबचा आणि तरीही इतका नीट माग लागणारा प्रवास फार थोड्या शब्दांचा आहे.

कोशाच्या कामात असा शब्द समोर आला की पहिला निर्णय करावा लागतो तो नोंद एक करायची की अनेक. इंग्रजी 'बॅट' घ्या. खेळायची बॅट आणि वटवाघूळ या अर्थाची बॅट यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. वटवाघळाचं जुनं इंग्रजी नाव 'बॅके' असं होतं, ते झिजत झिजत योगायोगाने दुसऱ्या शब्दाच्या उच्चारावर येऊन थांबलं. आपल्याकडे नवरदेव या अर्थाचा 'वर' आणि खाली-वरमधला 'वर' यांचं तेच आहे; एक संस्कृत 'वर', दुसरा 'उपरि'. अशा शब्दांना दोन स्वतंत्र नोंदी लागतात. 'चेक'चं तसं नाही. तिथे अर्थ कितीही लांब पांगलेले दिसले, तरी एका अर्थातून दुसरा कसा निघाला हे दाखवता येतं, आणि बहुतेक ठिकाणी तो कोणत्या शतकात निघाला हेही सांगता येतं.

सुरुवात राजापासून करू. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात इराणचा सम्राट दारयवहू याने बेहिस्तूनच्या कड्यावर एक प्रचंड लेख कोरून घेतला. त्यात तो स्वतःला 'क्षायथिय क्षायथियानाम्' म्हणवतो, म्हणजे राजांचा राजा. मराठी वाचकाला इथे 'क्षत्र' ऐकू येईल आणि ते बरोबरच आहे. सत्ता गाजवणे या अर्थाचं मूळ दोन्हीकडे एकच. पुढच्या शतकांत हा लांबलचक शब्द झिजून 'शाह' उरला, आणि 'राजांचा राजा'चा 'शहेनशाह' झाला.

दुसरा धागा खेळाचा. आपला 'चतुरंग' इराणात गेला तेव्हा 'चत्रंग' झाला. अरबीत च आणि ग हे उच्चार नाहीत, म्हणून अरबांच्या तोंडी तो 'शतरंज' झाला. या खेळात समोरच्याच्या राजावर रोख धरला की तसं बोलून सावध करायचा रिवाज होता. खेळणारा म्हणायचा, "शाह!" म्हणजे, तुमचा राजा सांभाळा. पुढचं सगळं या एका आरोळीतून उगवलं.

खेळ अरबांबरोबर युरोपात पोचला तेव्हा ऐकणाऱ्यांच्या कानात सर्वांत जास्त वेळा पडणारा शब्द हाच होता. मध्ययुगीन लॅटिनमध्ये त्याचा 'स्काकुस' झाला, जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक', आणि १३००च्या सुमारास इंग्रजीत 'चेक'. फ्रेंच 'एशेक'चं अनेकवचन 'एशे', आणि त्यावरून इंग्रजीत आलं 'चेस'. म्हणजे व्युत्पत्तीच्या हिशेबाने 'चेस' हे 'चेक'चं अनेकवचन आहे. शाळेत इंग्रजी व्याकरण शिकवताना हे कुणी सांगत नाही, पण वस्तुस्थिती तशी आहे.

मराठीने तोच शब्द थेट फारसीकडून उचलला: 'शह'. तेव्हा 'शह' आणि 'चेक' ही सख्खी भावंडं आहेत; एक जवळच्या वाटेने आलं, दुसरं बगदाद, पॅरिस, लंडन करत. 'मात'ही त्याच गाठोड्यातली. 'शाह मात'चा अर्थ बहुतेक ठिकाणी 'राजा मेला' असा देतात, कारण अरबीत 'मात' म्हणजे मेला. मला तो पटत नाही. बुद्धिबळात राजा कधीच मारला जात नाही. त्याला हलायला जागा उरत नाही, एवढंच. फारसीत 'मात' म्हणजे निरुपाय झालेला, गोंधळून जागच्या जागी थांबलेला, आणि अनेक अभ्यासकांचा कल याच अर्थाकडे आहे. मराठीतला आपला वापरही त्याच बाजूने साक्ष देतो. आपण एखाद्यावर 'मात करतो' तेव्हा तो हरलेला असतो, मेलेला नसतो.

आता पहिली उडी: शहापासून थांबण्याकडे. शह बसला की खेळात काय होतं? तुमचा बेत कितीही उत्तम असो, तो बाजूला ठेवावा लागतो. पुढची चाल राजा वाचवण्यासाठीच खेळायची. चाललेलं काम एकदम अडतं. चौदाव्या-पंधराव्या शतकात इंग्रजीत 'चेक' हा शब्द पटाबाहेर पडला तो हा अर्थ घेऊन: अडथळा, माघार, अचानक बसलेला लगाम. ससाण्यांकडून शिकार करवणारे लोक तर तो फार खास अर्थाने वापरायचे. ससाणा ठरलेलं सावज सोडून वाटेतल्या एखाद्या किरकोळ पाखरामागे वळला, की त्याने 'चेक' केलं म्हणायचे. आइस हॉकीत समोरच्याला अंगाने धडक देऊन अडवतात तो 'चेक' आणि राज्यघटनेच्या चर्चेत सत्तेच्या एका शाखेने दुसरीला आवरून धरायचा 'चेक' हे दोन्ही याच अर्थाचे. फ्रेंच तर आणखी पुढे गेली. तिथे 'एशेक' म्हणजे सरळ अपयश, आणि अनेकवचनात तोच शब्द म्हणजे बुद्धिबळ. मराठीत 'शह देणे', 'शह-काटशह' हे राजकारणाच्या बातम्यांत रोज येतं, आणि ते लिहिणाऱ्याच्या मनात पट क्वचितच असतो. तीन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच पाऊल टाकलं आहे. व्युत्पत्तीच्या कामात असं आढळलं की पुष्कळ धीर येतो. म्हणजे ती उडी माणसाच्या डोक्याला सहज सुचणारी आहे.

दुसरी उडी जास्त अवघड वाटते: रोखण्यापासून तपासण्याकडे. हे दोन अर्थ आज इतके वेगळे वाटतात की जोडणारा दुवा दिसत नाही. तो दुवा हिशेबात आहे. दुसऱ्याचे पैसे सांभाळणाऱ्याला लबाडीपासून रोखायचं कसं? त्याच्या नोंदीची दुसरी प्रत वेगळ्या माणसाकडे ठेवायची आणि वेळोवेळी दोन्ही ताडून पाहायच्या. म्हणजे ताडून पाहणं हाच रोखण्याचा मार्ग. 'कंट्रोल' हा शब्दही असाच जन्मला आहे. फ्रेंचमध्ये 'कोंत्र-रोल' म्हणजे मूळ गुंडाळीच्या जोडीला ठेवलेली दुसरी गुंडाळी, पडताळ्याची वही. तिच्यावरून 'कंट्रोल' म्हणजे पडताळणं, आणि पुढे ताब्यात ठेवणं. 'चेक'ने तोच रस्ता उलट दिशेने कापला. आधी ताब्यात ठेवणं, मग सतराव्या शतकाच्या अखेरीस पडताळून पाहणं. आज आपण मराठीत दिवसातून दहा वेळा 'चेक कर' म्हणतो तो हा तुलनेने अलीकडचा अर्थ.

तपासलं हे दाखवायला करायच्या '✓' या खुणेलाही अमेरिकेत 'चेक' म्हणतात, ब्रिटनमध्ये 'टिक'. ती खूण सगळीकडे 'बरोबर' असंच सांगते असं मात्र समजू नका. फिनलंड आणि स्वीडनमध्ये शिक्षक चुकीच्या उत्तरापुढे ती करतात, आणि जपानमध्येही बरोबरला गोल आणि चुकीला ही खूण असा प्रघात आहे.

हिशेबाचा विषय निघाला आहे तर आता माझ्या आवडत्या टप्प्यावर थांबते. 'शाह'वरून जुन्या फ्रेंचमध्ये बुद्धिबळाच्या पटाला 'एशेकिए' असं नाव पडलं होतं. बाराव्या शतकात, पहिल्या हेन्रीच्या काळात, इंग्लंडच्या राजाचा महसूल मोजायचं एक कार्यालय उभं राहिलं आणि त्याला हेच नाव मिळालं. त्याचं आजचं रूप 'एक्स्चेकर'. ब्रिटनचा अर्थमंत्री अजूनही 'चॅन्सेलर ऑफ दि एक्स्चेकर' म्हणवतो. म्हणजे शब्दशः पाहिलं तर पटाचा कारभारी.

पट कशासाठी, ते त्याच शतकात लिहून ठेवलेलं आहे. रिचर्ड फिट्झनील हा राजाचा खजिनदार होता. त्याने ११७०च्या दशकाच्या उत्तरार्धात या कार्यालयाच्या कामकाजावर लॅटिनमध्ये गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात एक ग्रंथ लिहिला. त्यात तो टेबलाचं मापसुद्धा देतो: सुमारे दहा फूट लांब, पाच फूट रुंद, आणि वर ठेवलेलं काही घरंगळू नये म्हणून भोवती चार बोटं उंचीची कड. वर एक काळं कापड अंथरायचं, आणि त्यावर फूटभर किंवा वीतभर अंतराने रेघा. प्रत्येक पट्टी एका मापाची. उजवीकडून पहिली पेनींची, मग शिलिंगांची, मग पौंडांची, मग वीस-वीस पौंडांची, शेकड्यांची, हजारांची, दहा हजारांची. रक्कम मांडायला गोट्या किंवा नाणी.

ईस्टर आणि मायकेलमस अशा दोन सणांच्या सुमारास प्रांतोप्रांतीचे शेरीफ, म्हणजे राजाचे वसुली अधिकारी, हिशेब द्यायला यायचे. एका शेरीफकडून राजाला किती येणं आहे ते वरच्या ओळीत गोट्यांनी मांडायचं. त्याने किती भरलं ते खालच्या ओळीत. मग खालच्या गोट्यांइतक्या वरच्या उचलायच्या. उरेल ती थकबाकी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. रोमन आकड्यांत लिहिलेल्या रकमा कागदावर वजा करणं म्हणजे डोक्याला ताप. शून्य असलेली आपली अंकपद्धती तेव्हा युरोपच्या दप्तरांत पोचलेली नव्हती. पट्ट्यांच्या कापडावर मात्र अक्षरशत्रू माणसालाही गोट्या उचललेल्या दिसतात. फिट्झनील नावाचं कारण देताना दोन गोष्टी सांगतो. एक, कापड पटासारखं दिसतं. दुसरं मला जास्त भावतं: पटावर दोन राजांची लढाई व्हावी तशी इथे खजिनदार आणि शेरीफ यांची होते. ज्याने सरकारी कचेरीत एकदा तरी हिशेब सादर केला आहे, त्याला या दुसऱ्या कारणाची फोड करून सांगावी लागणार नाही.

(त्या नावातला 'एक्स' मात्र पढीक लोकांचा उद्योग आहे. फ्रेंचमधला सुरुवातीचा 'एस' म्हणजे लॅटिनचा 'एक्स'च असणार असं गृहीत धरून तो नंतर घुसडला. शब्द लॅटिन मुळाचा नाही, त्यामुळे तिथे 'एक्स'चं काही काम नव्हतं.)

पैसे भरल्याची पावती लाकडाची असे. बहुतेक हेझलच्या लाकडाची पट्टी, तिच्यावर खाचा. खाचांची मापंही फिट्झनीलने दिली आहेत: हजार पौंडांना तळहाताच्या जाडीची, शंभराला अंगठ्याच्या, विसाला करंगळीच्या, एका पौंडाला जवाच्या टपोऱ्या दाण्याएवढी. शिलिंगाला त्याहून बारीक आणि पेनीला लाकूड न काढता नुसती चीर. खाचा करून झाल्या की पट्टी उभी चिरायची, म्हणजे अर्धी खाच या भागावर, अर्धी त्या भागावर. एक भाग भरणाऱ्याकडे, एक कार्यालयात. तंटा झाला की दोन भाग जुळवून पाहायचे. कुणी आपल्या भागावर गुपचूप खाच वाढवली तर दुसऱ्यावर ती नसणारच, आणि लाकडाच्या रेषा खोट्या पाडता येत नाहीत. या दोन भागांना 'स्टॉक' आणि 'फॉइल' म्हणत. पावतीपुस्तकात आपल्याकडे उरणाऱ्या अर्ध्या भागाला इंग्रजीत 'काउंटरफॉइल' म्हणतात, त्यातला 'फॉइल' तोच.

ही पद्धत किती काळ चालली असेल? १८२६पर्यंत. त्यानंतर उरलेल्या लाकडी पट्ट्यांचे ढीग वेस्टमिन्स्टरमध्ये पडून होते. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी ते हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या खालच्या भट्ट्यांमध्ये जाळायला काढले. भट्ट्या नको तितक्या तापल्या, धुराडी पेटली आणि रात्रीतून ब्रिटिश संसदेची दोन्ही सभागृहं जळून गेली. आज लंडनला जी संसदेची इमारत दिसते, ती त्यानंतर बांधलेली. सातशे वर्षांच्या हिशेबांनी असा सूड उगवला, असं म्हणायचा मोह होतो खरा.

आता बँकेच्या कागदाकडे. वस्तू आधी आली, नाव नंतर. लंडनमधले सोनार आणि सावकार यांच्याकडे ठेवलेल्या पैशांतून अमक्याला इतके द्यावेत अशा चिठ्ठ्या सतराव्या शतकात लिहिल्या जात होत्या; १६५९ सालची एक अजून जपून ठेवलेली आहे. पण तिला कुणी 'चेक' म्हणत नव्हतं. 'चेक' हे नाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला दिसतं आणि तेही भलत्याच वस्तूला. एक्स्चेकरने १६९६पासून कर्जरोखे काढायला सुरुवात केली होती. रोख्याचा जो भाग देणाऱ्याकडे पडताळ्यासाठी राहायचा, म्हणजे आपण ज्याला स्थळप्रत म्हणू, त्याला 'चेक' म्हणत. खोटा रोखा घेऊन कुणी आला तर त्याला रोखणारा कागद तो. म्हणजे इथे रोखणं आणि पडताळणं हे दोन्ही अर्थ एका कागदाच्या तुकड्यात एकत्र आले आहेत. पुढे अशी स्थळप्रत असलेल्या संपूर्ण छापील कागदाला 'चेक' म्हणू लागले, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थळप्रत विसरून फक्त पैसे काढायच्या चिठ्ठीलाच ते नाव चिकटलं. नाव मुळात फाडून ठेवायच्या तुकड्याचं होतं, ते फाडून द्यायच्या तुकड्याला गेलं.

मग स्पेलिंग वेगळं का? ब्रिटिश इंग्रजीत बँकेचा कागद 'क्यू-यू-ई'ने संपतो, अमेरिकनमध्ये 'सी-के'ने. जुनं रूप अमेरिकेचं आहे. ब्रिटनमध्येही आधी 'सी-के'च लिहीत. १८२०च्या दशकाच्या अखेरीस जेम्स विल्यम गिलबार्ट या बँकरने बँकिंगवरच्या आपल्या पुस्तकात 'क्यू'वालं रूप वापरलं आणि कारणही दिलं: त्याने इतर अर्थांशी घोटाळा होत नाही आणि ते 'एक्स्चेकर'शी जुळतं. ब्रिटनमध्ये हे रूप रुजलं, अटलांटिकपलीकडे गेलं नाही; कॅनडा मात्र ब्रिटिश पद्धतीने लिहितो. तेव्हा अमेरिकनांनी स्पेलिंग सोपं करून बिघडवलं, असं कुणी म्हटलं तर या एका शब्दापुरतं तरी ते उलटं आहे.

कापडाच्या चौकड्यांचा भाग लवकर आटोपतो. पट म्हणजे 'चेकर', पटासारखी नक्षी म्हणजे 'चेकर्ड', आणि त्याचं आखूड रूप 'चेक'. हे मध्ययुगातच झालं. अमेरिकेत ज्या सोंगट्यांच्या खेळाला 'चेकर्स' म्हणतात, तो ब्रिटनमध्ये 'ड्राफ्ट्स', नाव पटावरून. पोर्तुगीजमध्ये तर एक गमतीदार पुरावा सापडतो. तिथे बुद्धिबळाला 'शद्रेश' म्हणतात, तो 'शतरंज'वरून, म्हणजे 'चतुरंग'वरून. त्यात शाह कुठेच नाही. तरी 'शद्रेश'चा दुसरा अर्थ चौकड्यांचं कापड, आणि ब्राझीलच्या बोलीत तिसरा अर्थ तुरुंग, गजांच्या चौकटींमुळे. खेळावरून नक्षीकडे जाणं किती स्वाभाविक आहे ते यावरून कळावं.

इथे एक सूचना. आपल्या 'चौकडी'चा आणि 'चेक'चा आवाज जुळतो म्हणून काही जण त्यांचं नातं लावतात. नातं नाही. 'चौक' हा 'चतुष्क'वरून आला, चार या संख्येवरून. गंमत म्हणजे त्यामुळे 'चौकडी'चं नातं 'चतुरंग'शी लागतं, 'शतरंज'शी लागतं, पोर्तुगीज 'शद्रेश'शीही लागतं, पण 'चेक'शी नाही.

अमेरिकेतले अर्थ बहुतेक एकोणिसाव्या शतकातले आणि सगळे त्या जोडीतल्या दोन तुकड्यांच्या कल्पनेवर उभे. रेल्वेत सामान द्यायचं, तर पितळी बिल्ल्यांची जोडी. एक सामानाला, एक तुमच्या हातात. तो 'चेक'. कोट ठेवायचा तर 'कोट चेक'. किती देणं झालं ते टिपलेला कागदही 'चेक', त्यावरून उपाहारगृहाचं बिल. बेसबॉलचा सामना पावसाने थांबला तर तिकिटाचा तुकडा दाखवून पुढच्या सामन्याला फुकट आत येता यायचं. तो १८८०च्या दशकातला 'रेन चेक'. जुगारात पैशांऐवजी वापरायच्या चकत्यांनाही 'चेक' म्हणत, आणि खेळ संपवून चकत्या परत करणं म्हणजे मरणं असा वाक्प्रचार त्यावरून पडला. पोकरमध्ये आणखी पैसे न लावता थांबणं हाही 'चेक', पण तो या जोडीतला नाही. तो जुना, थांबण्याच्या अर्थाचा.

आता एक वाद, कारण तो हमखास विचारला जातो. बँकेचा 'चेक' हा अरबी 'सक्क' या शब्दावरून आला, असं ठामपणे सांगणारे बरेच जण भेटतात. 'सक्क' म्हणजे लेखी दस्तऐवज, पैसे देण्याचा आदेश. शब्द खरा आहे, व्यवहारही खरा आहे. दहाव्या शतकातला भूगोलकार इब्न हौकल याने सहारा वाळवंटाच्या दक्षिण टोकाच्या अवदगुस्त गावी ४२,००० दिनारांचा सक्क पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. म्हणजे लंडनच्या सोनारांच्या सहा-सातशे वर्षं आधी वाळवंटापलीकडे कागदावर एवढी रक्कम फिरत होती. त्यामुळे चेकचा व्यवहार अरब व्यापाऱ्यांकडे फार आधी होता, हे मी आनंदाने मान्य करते. पण व्यवहार जुना असणं वेगळं आणि शब्द तिथून येणं वेगळं. 'सक्क'पासून इंग्रजी 'चेक'पर्यंत मधली पायरी दाखवता येत नाही. युरोपच्या मध्ययुगीन कागदपत्रांत पैशांच्या चिठ्ठीला त्या घराण्यातलं नाव नाही. उलट इंग्रजीत शह, रोखणं, पडताळा, स्थळप्रत, चिठ्ठी या पायऱ्या एकापाठोपाठ एक लेखी मिळतात. आवाज जुळणं हा सुगावा असतो, पुरावा नाही. हाच नियम लावला, तर 'चेक' देशाच्या नावाचाही निकाल लागतो. ते नाव स्लाव्ह दंतकथेतल्या 'चेख' या मूळपुरुषावरून आलं आहे, इंग्रजीने त्याचं स्पेलिंग पोलिश पद्धतीचं उचललं, बाकी काही नाही.

शब्दांचे उलटसुलट प्रवास मात्र आहेत. फ्रेंचने इंग्रजीला 'एशेक' दिला आणि काही शतकांनी बँकेचा 'शेक' इंग्रजीकडून परत घेतला. जर्मनमध्ये बुद्धिबळ 'शाख' आणि धनादेश 'शेक', दोन वेगवेगळ्या रस्त्यांनी आलेले. आणि जिथून शाह निघाला त्या फारसीतही आज बँकेच्या कागदाला 'चेक'च म्हणतात.

शेवटी हे सगळं माहीत असण्याचा रोजच्या कामात उपयोग काय, ते सांगते, कारण हा प्रश्न विचारणाऱ्याने आपण अनुवाद शिकत असल्याचंही लिहिलं आहे. मराठीत 'चेक' म्हणजे 'तपासणे' इतकं घट्ट बसलं आहे की जुना, रोखण्याचा अर्थ डोळ्यांसमोरून निसटतो. नवख्यांच्या मसुद्यात मला हमखास दिसणारी चूक म्हणजे 'अनचेक्ड ग्रोथ'चं 'न तपासलेली वाढ'. ती बेसुमार वाढ आहे, बेलगाम वाढ आहे. तिला कुणी आवर घातलेला नाही. 'ही चेक्ड हिज हॉर्स' मध्ये घोड्याची तब्येत कुणी पाहत नाही. त्याने लगाम खेचला. 'शी चेक्ड हरसेल्फ' म्हणजे बोलता बोलता तिने जीभ आवरली. रोगाला 'चेक'मध्ये ठेवणं म्हणजे तो आटोक्यात ठेवणं. जुन्या कादंबऱ्या अनुवादताना हा अर्थ आधी लावून पाहावा आणि तो बसला नाही तर तपासण्याकडे वळावं. विसाव्या शतकापासूनच्या मजकुरात क्रम उलटा.

जोडीला येणारं अव्यय पाहिलं की बराच गुंता सुटतो. 'इन' आणि 'आउट' लागले की नोंदवहीतली हजेरी, 'ऑफ' लागला की यादीवर खूण, 'अगेन्स्ट' लागला की दोन गोष्टी ताडून पाहणं, 'अप ऑन' लागला की कुणावर लक्ष ठेवणं. 'चेकर्ड करिअर' पाहून चौकटी आठवू नका. पटावर पांढरं घर, काळं घर येतं तशी यशापयशाची कारकीर्द, मराठीत चढउतारांची म्हटलं की पुरतं, पण इंग्रजीत त्यात काही काळं असल्याची कुजबुजही असते, ती संदर्भ पाहून घालावी. आणि कुणी 'आय विल टेक अ रेन चेक' म्हणालं तर पाऊसही विसरा आणि तिकीटही. तो माणूस 'आज नको, पुन्हा कधीतरी' म्हणतो आहे, आणि ते पुन्हा कधी येईलच याची खात्री देत नाही.